परिषदेच्या आदल्या संध्याकाळी

शिक्षकांच्या कुठल्याही परिषदेचा अहवाल उघडा. स्वागताध्यक्षांचं भाषण असतं, अध्यक्षीय भाषण असतं, ठराव असतात, शेवटी आभार असतात. आदल्या संध्याकाळी एसटीने किंवा रेल्वेने उतरलेली माणसं कुठे जेवली, कुणी कुणाशेजारी सतरंजी टाकली, रात्री कोण किती वाजेपर्यंत बोलत बसलं, यातलं अक्षरही छापलेलं नसतं. पण परिषदेला जाऊन आलेल्या शिक्षकाला दहा वर्षांनी विचारा. ठराव त्याला आठवणार नाहीत. ती संध्याकाळ तो नावागावानिशी सांगेल.

गांधीजींच्या नई तालीमचं, म्हणजे बुनियादी शिक्षणाचं, काम चालवणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाची वाटचाल एरवी ठरावांच्या क्रमाने सांगितली जाते. मला ती या संध्याकाळच्या बाजूने सांगावीशी वाटते, कारण शिक्षकांनी एकत्र जेवणं, एकत्र भांडी घासणं आणि एकत्र गाणं हे शिक्षणाच्या कामातच मोडतं, असं मानून चाललेल्या आपल्याकडच्या फार थोड्या संस्थांपैकी ही एक.

सुरुवात वर्ध्याची. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथल्या मारवाडी विद्यालयात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. सात प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं नुकतीच आली होती, त्यामुळे मुंबईचे बाळासाहेब खेर, मध्य प्रांताचे रविशंकर शुक्ल, मद्रासचे सुब्बरायन अशी सत्तेतली माणसं आली होती. झाकिर हुसेन, विनोबा, काका कालेलकर, कुमारप्पा, अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा हेही होते. ठराव चार झाले. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती सगळी रचना, आणि या रचनेतून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा ही अपेक्षा.

चौथ्या ठरावावर वाद झाला आणि तो आजही संपलेला नाही. पोरांनी सूत काढायचं आणि त्यावर मास्तरांची चूल पेटायची, हे शहांना पटलं नाही. झाकिर हुसेन यांनीही गांधीजींच्या देखत मनातल्या शंका स्पष्ट बोलून दाखवल्या. गांधीजींनी योजनेचा आराखडा करायला समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद झाकिर हुसेन यांनाच दिलं. शंका घेणाऱ्याच्याच गळ्यात काम टाकायचं, ही त्यांची जुनी खोड.

समितीने २ डिसेंबर १९३७ ला अहवाल दिला. त्यातलं वेळापत्रक बघण्यासारखं आहे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यातले ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला. मातृभाषेला ४० मिनिटं. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून ३० मिनिटं. शारीरिक शिक्षण १० मिनिटं, सुट्टी १० मिनिटं. आणि संगीत, चित्रकला, गणित या तिघांना मिळून ४० मिनिटं. वर्षाला २८८ कामाचे दिवस. गणिताच्या मास्तरांचा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना या चाळीस मिनिटांत संगीताच्या वाट्याला काय आलं असेल हे सांगायला नको.

गाण्याला शाळेच्या दिवसात फारशी जागा नव्हती, म्हणून ते संध्याकाळी गेलं. हे कुणी बसून ठरवलं असं मी म्हणत नाही. पण संघाचं काम ज्या दोघांनी उभं केलं ते कुठून आले होते हे पाहिलं की गोष्ट उलगडते. चिटणीस आर्यनायकम हे मूळचे जाफन्याचे, रवींद्रनाथांचे काही काळ सचिव. त्यांच्या पत्नी आशादेवीही शांतिनिकेतनातूनच आल्या. म्हणजे ज्या ठिकाणी ऋतू बदलला तरी उत्सव होतो, अशा ठिकाणाहून हे जोडपं टकळी आणि पिंजणीच्या गावाला येऊन राहिलं. गंमत अशी की वर्धा योजनेबद्दल खुद्द रवींद्रनाथ साशंक होते. उपयुक्ततेचं माप जरा जास्त घेतलंय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आर्यनायकम दांपत्याने त्यावर लेख लिहून वाद घातला नाही. त्यांनी शांतिनिकेतनची संध्याकाळ सेवाग्रामात, वर्ध्याजवळच्या गांधीजींच्या आश्रमाच्या गावात, आणली. १९४४ मध्ये देवीप्रसाद हा तरुण चित्रकार शांतिनिकेतनच्या कलाभवनातून निघून तिथे आला आणि १९६२ पर्यंत राहिला. मातीकाम, रंग, भिंती, सण या सगळ्याला त्याचा हात लागला.

संघाचं रीतसर काम १९३८ मध्ये सुरू झालं. फेब्रुवारीत हरिपुऱ्याच्या काँग्रेसने योजना मान्य केली होती. झाकिर हुसेन संघाचे अध्यक्ष झाले. एप्रिलमध्ये वर्ध्यात शिक्षक तयार करणारं विद्यामंदिर सुरू झालं. ‘विद्यामंदिर’ या शब्दालाच मुस्लिम लीगने हरकत घेतली आणि पुढे सगळीच वर्धा योजना लीगने झिडकारली. अध्यक्ष झाकिर हुसेन असूनही ही आग विझली नाही.

पहिली बुनियादी शिक्षण परिषद पुण्याला झाली, ऑक्टोबर १९३९ मध्ये. महायुद्ध सुरू होऊन महिनाच उलटला होता आणि यजमान खेर मंत्रिमंडळ राजीनाम्याच्या उंबरठ्यावर होतं. काही दिवसांत ते गेलंच. दुसरी परिषद एप्रिल १९४१ मध्ये दिल्लीजवळ जामियानगरला. तोवर वैयक्तिक सत्याग्रह सुरू होऊन अनेक कार्यकर्ते तुरुंगाच्या वाटेवर होते. दोन्ही परिषदांचं यश कागदावर मोजलं तर बेताचंच. पण प्रत्येक परिषदेसोबत कामाचं प्रदर्शन असे. शाळांतून आलेलं सूत, पोरांच्या वह्या, मातीची भांडी. ज्याला व्यासपीठावर बोलायचं धाडस होत नाही असा खेड्यातला मास्तर आपल्या वर्गाच्या वस्तूंशेजारी उभा राहिला की मात्र तास तासभर बोलतो. आजही विज्ञान प्रदर्शनात हेच दिसतं.

मग १९४२ आलं आणि काम विस्कटलं.

जानेवारी १९४५ ची सेवाग्रामची परिषद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. संक्रांतीचे दिवस. वऱ्हाडाकडची बोचरी थंडी. गांधीजी आदल्या वर्षी ६ मे रोजी आगाखान पॅलेसमधून सुटले होते, कस्तुरबा आणि महादेवभाई तिथेच राहिले. याच परिषदेत नई तालीमची व्याप्ती जन्मभराची ठरली. प्रौढांचं शिक्षण, पूर्व-बुनियादी, बुनियादी आणि उत्तर-बुनियादी असे चार टप्पे पडले. ठराव मोठा होता. तरी तिथे येणाऱ्या शिक्षकावर पहिला परिणाम ठरावाचा होत नसणार. तो आदल्या संध्याकाळी तिथल्या दिनक्रमाचा होत असणार, आणि तो दिनक्रम आपल्याला चांगला ठाऊक आहे.

वर्धा स्टेशनवर उतरायचं. तिथून सेवाग्राम आठेक किलोमीटर. बैलगाडी मिळाली तर ठीक, नाहीतर वळकटी खांद्यावर घेऊन पायी. पोचल्यावर पाहुणा म्हणून ओसरीवर बसवायची पद्धत नव्हती. संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. उकडलेली भाजी, भाकरी, गूळ, कधी कडुनिंबाची चटणी. तिखट नाही, फोडणी नाही. नागपूर-वऱ्हाडच्या माणसाला हे उपास पडल्यासारखंच. सावजीच्या रश्शावर वाढलेल्या जिभेने त्या भाजीला काय म्हटलं असेल ते छापण्याजोगं नसावं. पण पंगत कशी बसते हे त्याच्या नजरेतून सुटत नसे. जो आधी येईल तो आधी बसेल. गावाकडे ज्या मास्तरला महारवाड्यातल्या पोरांना व्हरांड्यात बसवायची सवय होती, त्याच्या मांडीला मांडी लावून कोण बसलंय हे इथे कुणी विचारत नसे. स्वयंपाक कुणी केला हेही विचारायची सोय नव्हती, कारण सेगावात (सेवाग्रामचं जुनं नाव) आल्यापासून गांधीजींनी मुद्दाम हरिजन मुलांनाच स्वयंपाकघरात घेतलं होतं. अस्पृश्यता निवारणावर तासभर बोलणारा वक्ता जे करू शकत नाही ते एका थाळीने होतं. काही जणांना ती थाळी गिळताना जड गेली असेल. तो शिक्षणाचाच भाग.

स्वयंपाकघर हा संघाचा सर्वांत चांगला वर्ग होता, असं माझं मत आहे. सेवाग्रामच्या शाळेतली मुलं आपलं मंत्रिमंडळ निवडत, कुणी सफाईचा मंत्री, कुणी स्वयंपाकाचा. धान्य किती लागलं, माणशी खर्च किती आला, आठवड्यात हिरवी भाजी किती वेळा झाली, याचा हिशोब मुलंच मांडत. मार्जरी साइक्स या इंग्रज बाईंनी सेवाग्रामात शिक्षक तयार करण्याचं काम केलं आणि पुढे नई तालीमच्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहिला. त्यांच्या लिहिण्यात हे स्वयंपाकघर ठसठशीत दिसतं. शिक्षक पाहुणा म्हणून आला तरी भाजी चिरायला बसला की बारा वर्षांचा मंत्री त्याला सांगणार, गुरुजी, साल जाड निघतंय. वर्गात ज्याची चूक दाखवायची कुणाची छाती नाही, अशा माणसाला परिषदेच्या आदल्या दिवशी हे ऐकून घ्यावं लागणं ही फार मोलाची पूर्वतयारी आहे.

मग प्रार्थना. देऊळ नाही, मूर्ती नाही. उघड्यावर वाळू-खडीचं मैदान आणि शेजारी गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ. प्रार्थनेत एकेक भर कशी पडत गेली ते मला नेहमी विशेष वाटतं. जपानी भिक्षू आश्रमात राहायला आला, त्याच्यासोबत त्याचा मंत्र आला. महायुद्धात सरकारने त्याला पकडून नेलं, तरी मंत्र राहिला. रेहाना तय्यबजींमुळे कुराणातली प्रार्थना आली. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात डॉ. गिल्डर सोबत होते, त्यांच्याकडून पारशी प्रार्थना आली. उपनिषद, गीतेतले स्थितप्रज्ञाचे श्लोक, एखादं भजन, शेवटी रामधून. म्हणजे कोण कोण येऊन राहून गेलं याची ती गायलेली नोंदच. सभेच्या सुरुवातीला म्हणायच्या छापील स्वागतगीतापेक्षा शिक्षकांच्या जमावाला हे शिकवण्यासारखं आहे. नवा माणूस आला तर त्याचं काय काय आपल्यात घेता येतं?

प्रार्थनेनंतर बोलणं. अमावास्या जवळ आलेली, त्यामुळे कंदिलाच्या उजेडापुरतंच माणसांचं कोंडाळं. विषय काय असणार? पगार. पोरांचं सूत विकलं जातं का. तपासनीस काय म्हणतो. पालक विचारतात, आमच्या पोराला विणकरी करायचंय का? विद्यापीठाच्या दारात या पोरांना कोण उभं करणार? हे प्रश्न दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर फार सोज्वळ भाषेत मांडले जातात. आदल्या रात्री ते उघडेवाघडे येतात. परिषद घेणाऱ्याने खरं तर याच वेळी कान देऊन बसावं. पहाटे चारच्या घंटेला उठायचं असल्याने ही बैठक लांबत नसे, एवढंच तिचं वाईट.

या सगळ्यात बायका कुठे होत्या, हा प्रश्न विचारायलाच हवा. त्या काळच्या शिक्षक परिषदांत स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सेवाग्रामात मात्र कारभारच आशादेवींच्या हाती. गावातल्या बायकांमध्ये प्रौढशिक्षणाचं आणि लहान मुलांचं काम शांताबाई नारूळकरांनी उभं केलं, त्यावर पुस्तकही लिहिलं. त्याच १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अंगणवाडीची पाळंमुळं तिथे आहेत. संध्याकाळी आईसोबत मूलही येतं, हे या बायकांनी गृहीत धरलं होतं. पुरुषांनी भरवलेल्या परिषदांना ते अजून उमगायचं आहे.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण ते उताराचं आहे. सरकारांनी बुनियादी शिक्षण उचललं. आपल्याकडे गावोगावच्या शाळांची नावं ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ झाली, ती आजही पाटीवर आहेत. पन्नास-साठच्या दशकात शिकलेल्या पिढीला पेळू, टकळी आणि तुटलेलं सूत आठवतं, त्यामागचा विचार क्वचितच कुणाला आठवतो. हे झालं मुलांचं. शिक्षकांच्या बाबतीत जे झालं ते मला जास्त खटकतं. सेवाग्रामची संध्याकाळ अध्यापक विद्यालयांच्या अभ्यासक्रमात ‘समूहजीवन’ या नावाने दाखल झाली. मग तिची नोंदवही झाली. सफाई केल्याची नोंद, प्रार्थनेला हजर असल्याची नोंद, सांस्कृतिक कार्यक्रमात भाग घेतल्याची नोंद. वहीला गुण आले. गुण आल्यावर वह्या एकमेकांच्या बघून उतरवल्या जाऊ लागल्या. न झालेली सफाई आणि न गायलेली गाणी सुवाच्य अक्षरात लिहिलेली मी पाहिली आहेत. नई तालीम सरकारने मारली असं म्हणतात. मला वाटतं, तिच्या संध्याकाळपुरतं बोलायचं तर ती तपासणीने मारली.

१९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने उत्पादक काम शिक्षणात हवं हे मान्य केलं आणि त्याला कार्यानुभव म्हटलं. कार्यानुभवाचं पुढे काय झालं हे आगपेटीच्या काड्यांचं घर करून दिलेल्या कुठल्याही पालकाला विचारावं. सेवाग्रामची शाळाही बंद पडली होती. ती २००५ साली आनंद निकेतन या नावाने पुन्हा सुरू झाली. तिथली मुलं शेतीत आणि स्वयंपाकघरात काम करता करता शिकतात. संस्थेची वाटचाल म्हणून मागे वळून पाहिलं तर एवढा धागा अजून हातात आहे.

आता आपल्या केंद्राची शिक्षण परिषद बघा. सकाळी दहाची वेळ, साडेअकराला सुरुवात. केंद्रप्रमुखांचं प्रास्ताविक, परिपत्रकांचं वाचन, अॅपमध्ये कुठली माहिती भरायची राहिली त्याची उजळणी, एखादा चांगला तास, चहापान, सही. दुपारी चारला शाळा सोडल्यासारखी माणसं दुचाकीवर बसतात. यात केंद्रप्रमुखाचा दोष नाही. त्याला वरून अजेंडा येतो आणि खाली फोटो पाठवायचे असतात. तरी निवासी प्रशिक्षण असलं की चित्र पालटतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला ठाऊक आहे. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर गाद्या अंथरल्या की ज्या बाई दिवसभर गप्प होत्या त्या सांगू लागतात, आमच्या वस्तीवर गोंडीच बोलतात, पहिलीचं पुस्तक मी असं शिकवते. शेजारच्या तालुक्यातला कुणी हार्मोनियम काढतो. कुणी बदलीचं रडगाणं गातो, ते सुरातलं नसलं तरी खरं असतं. दुसऱ्या दिवशीच्या सत्रात तज्ज्ञ जे सांगणार असतो त्यातलं निम्मं आदल्या रात्रीच कामाला लागलेलं असतं.

संघटनांच्या अधिवेशनांतही एक रात्र असते, पण तिथे बहुतेक वेळ पॅनेल कुणाचं, मतं किती, यात जातो. तीही गरज असेल. तिला सेवाग्रामची संध्याकाळ म्हणता येणार नाही.

सेवाग्रामचं सगळं आज जसंच्या तसं आणावं असं मला वाटत नाही. सक्तीची प्रार्थना नको, बिनतिखटाची भाजी तर मुळीच नको. कुणाला देवाचं नाव घ्यायचं नसेल, कुणाला गायचं नसेल, कुणाला नुसतं पडून राहायचं असेल, त्याला तशी मोकळीक हवी. उरतं ते एवढंच की माणसं आदल्या दिवशी यावीत, एकत्र शिजवावं, एकत्र जेवावं, आणि त्या वेळेवर कुणाचं भाषण नसावं.

म्हणून परिषदा भरवणाऱ्या संस्थाचालकांना, मुख्याध्यापक संघांना आणि केंद्रप्रमुखांना विनंती आहे. पुढची परिषद एक दिवसाची असेल तर शिक्षकांना आदल्या दुपारी बोलवा आणि तो दिवस कर्तव्यकाळ धरा. केटरर सांगू नका, शिधा आणून ठेवा. लहान मूल असलेल्या बाईंची आणि त्यांच्या मुलाची झोपायची सोय आधी करा, मग व्यासपीठाच्या फुलांचं बघा. संस्थाचालकांनी कांदे चिरायला बसावं. संध्याकाळचा कार्यक्रम पत्रिकेत छापू नका, त्याचा अहवाल मागू नका, आणि कृपा करून हजेरीपटावर सही तेवढी घेऊ नका.